दोन्ही डाव्या

समोरच्या दारातल्या बाई वारल्याचा फोन त्यांच्या भाचीने केला, तेव्हा स्पेअरकाका खिडकीशी उभे राहून चहा पीत होते. भाची म्हणाली, न्यूमोनिया झाला, काही दिवस दवाखान्यात होत्या, शेवटी झोपेतच गेल्या. मग जरा थांबून म्हणाली, "घरची माणसं जमणार आहोत. मावशीबद्दल ज्याला जे आठवेल ते त्याने सांगायचं असं ठरलंय. तुम्ही इतकी वर्षं तिच्या शेजारी होतात. चार ओळी लिहून पाठवाल का?"

"बरं," काका म्हणाले. फोन ठेवून ते कागद घेऊन बसले.

काय लिहिणार? बाईंचं वय त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी लग्न का केलं नाही, त्या कशाला भीत, एकट्या असताना कशावर हसत, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या घराच्या आतल्या खोलीला खिडकी आहे की नाही हेसुद्धा काकांना सांगता आलं नसतं. बाईंबद्दलची त्यांची सगळी माहिती गोळा केली तर ती एका छोट्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकएवढी भरत होती. आणि ते ब्रेक चांगले होते. बाईंच्या जाण्याशी त्यांचा काही संबंध नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणारा उगाच घाटातल्या एखाद्या वळणाची वाट बघत बसायचा.

इमारतीत सगळे त्यांना 'स्टँडच्या बाई' म्हणत. बस स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायची त्यांची नोकरी होती. अमुक गावाची गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं, हिरव्या स्वेटरमधला मुलगा चौकशी खिडकीपाशी रडतो आहे, त्याच्या आईने यावं. सगळ्या गावाच्या कानात तो आवाज मुरला होता. बाई भाजी घ्यायला जात आणि "पाव किलो द्या" म्हणत, की भाजीवाली दचकून मान वर करी. आवाज ओळखीचा, पण चेहरा काही केल्या जुळत नसे. काचेच्या एका लहानशा खोलीत बसून बाईंनी आयुष्यभर लोकांना गाडीत बसवून दिलं. उलट कोणी काही बोलण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे त्यांच्या जागी यंत्र आलं. ते यंत्र फलाटांचे आकडे बरोबर सांगे, पण हिरवा स्वेटर त्याला सांगता येत नसे.

नोकरी सुटल्यावर बाईंनी एक जुनी निळी गाडी घेतली आणि त्या वयात चालवायला शिकल्या. "सगळ्यांना पोचवलं, आता मी जाते," असं त्या म्हणत. जात मात्र एकाच ठिकाणी, घाटापलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे.

काकांची कथा याच्या उलट होती. मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे त्यांची उमर गेली, त्यातही ब्रेकचा कोपरा त्यांचा. गिऱ्हाईक गाडीचं नाव पुरतं उच्चारायच्या आत काकांचा हात बरोबर त्या खोक्यावर गेलेला असे. पण गाडी त्यांनी कधी चालवली नाही. ब्रेक म्हणजे त्यांच्या लेखी एक खोका, खोक्यावरचा आकडा आणि तळहाताला कळणारं वजन. पायाखाली तो कसा लागतो हे त्यांना ऐकूनच माहीत. हे कोणाला कळलं तर आपलं हसं होईल अशी धास्ती त्यांनी सगळी नोकरी बाळगली. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बोलायची सवय तशीही बेताची, ती दुकान सुटल्यावर पार मोडली. एखाद्या दिवशी संध्याकाळी दूधवाल्याला "उद्या अर्धाच" म्हणताना त्यांच्या लक्षात येई की आज आपला आवाज आपण पहिल्यांदाच ऐकतोय.

समोरासमोर दारं असून दोघांचं बोलणं काय, तर जिन्यात गाठ पडली की, "पाणी आलं?" "आलं." बस.

एकदा बाई बहिणीकडून परत आल्या तेव्हा काका खाली गाड्यांच्या आवारातल्या कट्ट्यावर बसले होते. निळी गाडी फाटकातून आत आली, बाईंनी ब्रेक दाबला, आणि काकांना बसल्या जागेवरून दिसलं की स्टिअरिंग बाईंच्या हातात थडथड उडतंय. बाई उतरल्या. गाडीला टेकून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

काकांनी अर्धा चहा संपेल इतका वेळ विचार केला आणि म्हणाले, "पुढच्या डिस्क गेल्या."

"कुठे गेल्या?" बाई म्हणाल्या. भीती अंगातून उतरली नव्हती, तरी जीभ जागेवर होती. मग त्यांनी नीट वळून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"थरथर... म्हणजे चाकाबरोबर जी थाळी फिरते ना, पॅड जिला धरतो, ती सगळीकडे सारख्या जाडीची राहिली नसणार. मी ब्रेकमध्ये होतो. म्हणजे दुकानात."

"घाटाच्या उतारावर वाटलं, चाकंच सुटून जातायत," बाई म्हणाल्या. "खाली पोचेपर्यंत देवाला नाही नाही ती आश्वासनं दिली. आता पाळावी लागतील."

दोन दिवसांनी त्यांनी काकांना जिन्यातच गाठलं. बहिणीचे गुडघे गेले होते, ती एकटी होती, आणि तिने कायमचं राहायला ये म्हणून धोशा लावला होता. बाईंनी हो म्हटलं होतं. पण गाडीशिवाय तिथे कोंडून पडल्यासारखं झालं असतं, आणि या ब्रेकवर घाट उतरायची त्यांची छाती होत नव्हती. मेकॅनिकने सांगितलं होतं की या गाडीच्या मूळ कंपनीने डिस्क काढणं बंद केलंय, बाहेरच्या कुठल्यातरी कंपनीच्या बघून आणा, मी बसवतो.

"बाहेरच्या म्हणजे कुठल्या? तो म्हणतो साध्या आहेत, खाचांच्या आहेत, भोकांच्या आहेत. मला तर हे कपाटाच्या बिजागऱ्यांसारखं वाटलं. तुम्ही याल का बरोबर, शेजारी?"

त्या त्यांना 'शेजारी' म्हणू लागल्या ते तेव्हापासून. काका हो म्हणाले आणि रात्रभर त्यांना दोन गोष्टींनी झोप लागली नाही. एक म्हणजे कोणीतरी आपल्याला बरोबर चला म्हटलंय. दुसरी म्हणजे डिस्क मिळाल्या की ते कोणीतरी निघून जाणार आहे.

जुन्या दुकानात आता मालकांची सून बसत असे. चलाख, हसतमुख, हाताला उरक असलेली. "काका! अहो आत या ना, काउंटरच्या आत!" पण काका बाहेरच उभे राहिले. इतक्या वर्षांत ते त्या बाजूला कधी उभे राहिले नव्हते. तिथून फळ्या उंच दिसत होत्या आणि दिव्याचा उजेड डोळ्यांवर येत होता. गिऱ्हाइकं नेहमी डोळे बारीक करून का बोलायची, ते त्यांना आत्ता कळलं.

सुनेने एक चकचकीत डिस्क काचेवर ठेवली. तिच्यावर भोकांची वर्तुळं आणि मधून तिरप्या खाचा. "ही घ्या. सगळी तरुण मंडळी हीच नेतात. भोकांतून वारा खेळतो, गरम होत नाही. चाकाच्या आत कशी झळकते बघा."

बाईंनी ती उचलून डोळ्यासमोर धरली आणि भोकांतून काकांकडे पाहिलं. "ब्रेक आहे की चाळणी? पण दिसते मात्र छान. माझ्या गाडीला दागिना नाहीच कुठला. काय हो शेजारी?"

काकांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईंनी पैसे काढायला पिशवी उघडली तेव्हा मात्र ते एकदम म्हणाले, "उद्या येतो," आणि चक्क बाहेर पडले. बाई मागोमाग.

पायरीवर उभं राहून ते बोलले. भोकांच्या डिस्क शर्यतीला किंवा दिसायला ठीक, पण जिथे भोक तिथे लोखंड कमी; लांब उतारावर तापून निवून भोकांच्या कडांना बारीक तडे जाऊ शकतात. खाचांच्या डिस्क पॅड लवकर खातात आणि दाबल्यावर घुमतात. आपल्याला रोज बाजार आणि महिन्यातून एकदा घाट. त्याला साधीच हवी, पण चांगल्या ओतकामाची, अंगाने भरलेली, वजनदार.

"हे सगळं आत का नाही बोललात?"

"ती... मालकांची सून आहे."

"मग?"

बाई त्यांच्याकडे बघून हसायला लागल्या, मग हसता हसता थांबल्या. "मी पण अशीच आहे हं. माईक समोर असला की सगळ्या गावाला ओरडून सांगेन. माणूस समोर आला की फक्त पाव किलो द्या."

दुसऱ्या खेपेला एका वेगळ्या दुकानातून साध्या डिस्क आणल्या. काकांनी त्या हातात घेतल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. हलक्या होत्या. कडेवर जाडी मोजायची सरकपट्टी लावून पाहिली तर नव्या कोऱ्या असूनही पातळ भरल्या. थोड्या झिजल्या की कामातून जातील. बाईंनी निमूट परत केल्या. मग पुन्हा जुन्या दुकानात गेल्यावर सुनेनेच सांगितलं की एक कंपनी आहे, वरून साधी सपाट पण आतून वाकड्या पट्ट्यांची डिस्क काढते, पंख्यासारखी वारा बाहेर फेकते, घाटासाठी हीच चांगली. मागवावी लागेल, वेळ लागेल.

काकांनीही मान डोलावली. या वेळी होकारार्थीच.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी दोन्ही दारं उघडी राहू लागली. मधल्या जागेत बाई एक खुर्ची आणून ठेवत, काका आपल्या उंबऱ्यावर बसत. सुरुवात ब्रेकपासून होई. "मग त्या पट्ट्या वाकड्या का करतात?" किंवा "पॅड कशाचा बनवतात हो?" काका सांगत. आणि सांगून झालं की बाई बोलत. एकदा चुकून त्यांनी फलाट सातऐवजी दोन म्हटलं आणि निम्मा स्टँड सामानसुमान, पोरंबाळं घेऊन पळत सुटला. काचेतून ती पळापळ बघताना त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपलं कोणीतरी ऐकतंय. "खरं सांगू? दुरुस्ती करायला मी जरा उशीर लावला," त्या म्हणाल्या आणि कानाची पाळी धरली. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

कधी त्या उभ्या राहून माईकच्या आवाजात पुकारत, "लक्ष द्या. डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं. गाडी अनिश्चित काळासाठी उशिरा धावत आहे." तळमजल्यावरचा शिंपी जिन्यातून डोकं वर काढून म्हणे, "काय बाई, अजून ब्रेक निवडताय? नवरा निवडतानासुद्धा बायका इतका विचार करत नाहीत."

"म्हणून तर मी निवडला नाही," बाई म्हणत.

"आणि काका, तुम्ही काय, प्रत्येक डिस्कमध्ये खोट काढताय असं ऐकलं. जपून हं. लोकांना वाटेल बाईंना जाऊच द्यायचं नाही तुमच्या मनात."

शिंप्याला टोमणे मारायची सवयच होती. त्याच्या मशीनचा खडखडाट पुन्हा सुरू झाला, बाई दुसऱ्याच कशावर तरी बोलू लागल्या. पण काकांना ते वाक्य कुसळासारखं टोचून राहिलं. आपण हलक्या डिस्क परत करायला लावल्या त्या खरंच पातळ होत्या ना? सरकपट्टी आपण नीट धरली होती ना? त्या संध्याकाळी ते लवकर आत गेले.

डिस्क आल्या त्या आठवड्यात बाईंनी सामान बांधायला घेतलं होतं. घर रिकामं करायचं घरमालकाला कळवून झालं होतं. बहिणीने तिकडे खोली झाडून घेतली होती, पलंग खिडकीशी सरकवला होता, रविवारी जेवायला येणार म्हणून शेजारणींना सांगून ठेवलं होतं. शनिवारी मेकॅनिक डिस्क बसवणार आणि रविवारी सकाळी बाई निघणार. शुक्रवारी दुपारी खोका त्यांनी काकांच्या हातात दिला. "बघून ठेवा एकदा. तुमचा शिक्का लागल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही त्यावर."

खोक्यावर लिहिलं होतं, पुढील चाके, जोडी. काकांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दोन्ही डिस्क बाहेर काढून त्यांवरचं तेल फडक्याने पुसलं. वजन भरपूर. पृष्ठभाग एकसारखा. बोटाच्या पेराने टिचकी मारली तर दोन्ही घंटेसारख्या वाजल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तिथेच बुडाला. झालं, संपलं.

मग सवयीने त्यांनी दोन्ही उताण्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि वाकून कडेतल्या फटीत पाहिलं.

आपण दोन्ही तळहात उताणे ठेवले तर अंगठे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. डावीकडच्या चाकाची डिस्क आणि उजवीकडची तशीच असायला हवी. आतल्या पट्ट्या एकीच्या एका बाजूला कललेल्या, दुसरीच्या दुसऱ्या. इथे दोन्ही अंगठे एकाच दिशेला होते. दोन्ही डाव्या. कारखान्यात भरणाऱ्याचा हात चुकला असेल. वरून बघितलं तर दोन्ही सारख्याच सपाट, मेकॅनिकने डोळे झाकून बसवल्या असत्या आणि गाडी पळालीही असती. पण उजव्या चाकाच्या पट्ट्या उलट्या फिरल्या असत्या, वारा धड बाहेर फेकला गेला नसता, आणि लांब उतारावर ती बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असती. म्हणजे काही दिवसांनी परत तीच थडथड.

काका खुर्चीत बसले. दुसऱ्या कुठल्याही माणसाने उठून सरळ समोरचं दार वाजवलं असतं. काकांना ते जमेना. चाळणी नको म्हटलं. हलक्या नको म्हटलं. आता तिसऱ्यांदा, बांधलेल्या सामानासमोर उभं राहून, बहिणीने झाडून ठेवलेली खोली माहीत असताना, हे पण नको म्हणायचं? बाई काय समजतील? शिंपी काय म्हणेल? आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मनातून हवं तेच दिसत नसेल कशावरून? त्यांनी चष्मा पुसला. डिस्क फिरवून पाहिल्या, जागा बदलून पाहिल्या, खिडकीशी नेऊन उजेडात पाहिल्या. आपण चुकलो असलो तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि तसं वाटतंय हे कळल्यावर जरा धीर आला. चुकले नव्हते.

दोन्ही डिस्क छातीशी धरून ते उठले आणि समोरचं दार कोपराने वाजवलं. ते दार त्यांनी आजवर कधी वाजवलं नव्हतं.

बाईंनी उघडलं. आत खोकी रचलेली, भिंतींवर चित्रं काढून घेतल्याच्या फिकट चौकोनी खुणा.

"या नाही चालणार," काका म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, डिस्ककडे पाहिलं. हसल्या, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. "शेजारी, एक विचारू? मी जाऊ नये असं वाटतंय का तुम्हाला? वाटत असेल तर तसं सांगा की तोंडाने. डिस्कला कशाला मध्ये घालताय?"

हातातलं ओझं मणामणाचं झालं. माणूस समोर होतं. ते विचारत होतं. एवढं सरळ त्यांना आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं, आणि उत्तर एका अक्षराचं होतं.

"दोन्ही डाव्या आहेत," ते म्हणाले.

बाईंनी बाजूला होऊन त्यांना आत घेतलं. एका खोक्यावर डिस्क उताण्या ठेवल्या. काकांनी दोन तळहात दाखवले, अंगठे दाखवले, मग फटीकडे बोट केलं. बाईंनी नख घालून एका पट्टीचा कल चाचपला, दुसरीचा चाचपला. पुन्हा पहिलीचा.

"खरंच की हो," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी काय बोलून बसले."

बाईंनी तो प्रश्न परत विचारला नाही. पुढे कितीतरी संध्याकाळी, समोरच्या बंद दाराकडे बघत, काकांनी त्याचं उत्तर वेगवेगळ्या शब्दांत देऊन पाहिलं. कुठलंच धड वाटलं नाही.

बाईंनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. "ताई, रविवार नाही जमत. अगं, गाडीला दोन्ही पाय डावे आलेत... थट्टा नाही गं... कोण म्हणालं म्हणजे? शेजारी म्हणाले." मग पलीकडचं ऐकून म्हणाल्या, "हो. त्यांच्यावर आहे विश्वास." हे बोलताना त्या पाठमोऱ्या होत्या.

उजवी डिस्क आली. मेकॅनिकने बसवताना काका पूर्ण वेळ शेजारी उभे राहिले. तो वैतागला. "काका, तुम्ही असे डोक्यावर उभे राहिलात तर माझा पाना हलायचा नाही." बसवून झाल्यावर बाईंना म्हणाला, "आता नीट ऐका. नवी डिस्क आणि नवे पॅड, यांची अजून ओळख नाही. मोकळ्या रस्त्यावर जा. वेग घ्या, मग दणकून ब्रेक दाबा, अगदी चालण्याइतकी हळू करा. पण उभी नाही करायची. परत वेग, परत ब्रेक. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेकला हात न लावता... पाय न लावता गाडी पळवत निवू द्यायची. तापलेली असताना पाय दाबून थांबलात तर पॅडचा डाग बसेल डिस्कवर. मग परत थडथड. मला सांगायला येऊ नका."

"चला शेजारी," बाई म्हणाल्या.

काका पुढच्या सीटवर बसले. पट्टा कुठे अडकवायचा ते बाईंनी दाखवलं. गावाबाहेरचा रस्ता सरळ आणि रिकामा होता, दोन्ही बाजूंना कुंपणं आणि वखारी. बाईंनी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. काकांचं सगळं अंग पुढे गेलं, पट्ट्यात अडकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ब्रेक लागला. आजवर जो खोक्यात बंद करून लोकांना दिला, तो हा असा असतो तर. छातीवर कोणीतरी तळहात ठेवल्यासारखा.

"कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"स्टिअरिंग?"

"तळ्यासारखं. शांत." परत वेग, परत ब्रेक. "गंमत आहे की नाही? थांबत आल्यासारखं करायचं आणि थांबायचं नाही."

करपल्याचा वास गाडीत आला. तो तसाच यायचा असतो, काका म्हणाले. मग निवण्यासाठी त्या नुसत्या चालवत राहिल्या, पाय ब्रेकपासून दूर ठेवून. कुठे वळण नव्हतं, कोणी आडवं येत नव्हतं. बोलायला एवढी चांगली जागा आणि एवढा वेळ काकांना परत मिळणार नव्हता, आणि ते त्यांना कळत होतं. ते पुढे बघत राहिले. बाईही पुढे बघत राहिल्या. एकदा त्या म्हणाल्या, "आता काय राहिलं?"

"काही नाही," काका म्हणाले. "निवल्या की झालं."

निघायच्या दिवशी शिंपी, मेकॅनिक, वरच्या मजल्यावरचं कुटुंब, सगळे खाली आले. त्या गर्दीत काकांना धड निरोपही घेता आला नाही. खोकी मागच्या सीटवर छताला टेकली होती. गाडी फाटकाशी हळू झाली, स्टिअरिंग हललं नाही, एवढं त्यांनी मागून पाहिलं. मग ते वर गेले. जिन्याच्या मधल्या जागेत बाईंची खुर्ची तशीच होती. नेली नव्हती, की मुद्दाम ठेवली होती, कोण जाणे. ती उचलून आपल्या घरात न्यावी की तिथेच राहू द्यावी, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ती तिथेच राहिली. अजून तिथेच आहे.

दुपार कलल्यावर फोन वाजला. काका त्याच्या शेजारीच बसले होते, तरी लगेच उचलला नाही. लगेच उचलला तर वाट बघत होतो असं दिसेल. मग उचलला. पलीकडे भांड्यांचा आवाज, कोणीतरी हसत होतं, आणि मग तो सगळ्या गावाच्या ओळखीचा आवाज. त्या एका फोननंतर दोघांपैकी कोणीच परत फोन केला नाही. काय कारण काढून करायचा? ब्रेक तर चांगले चालले होते. आता भाचीसाठी चार ओळी लिहायला बसल्यावर काकांना तेवढंच बोलणं शब्दन् शब्द आठवलं.

"पोचले हो शेजारी."

"उतारावर?"

"दुसऱ्या गिअरमध्ये आणली, तुम्ही सांगितलं तशी. अजिबात थरथर नाही."

"वास?"

"नाही."

"बरं."

"ताई हाक मारतेय. पानं वाढलीत."

"हो, हो. जा."

"बरं मग. ठेवू?"

"ठेवा," काका म्हणाले.